फुकटचा उमराह आणि खांबामागची खुर्ची

उमराहचे व्हिडिओ करणाऱ्या आपल्या पोरांना कुणी विचारलं, की बाबा, तुझ्या प्रवासाचे पैसे कुणी भरले, तर उत्तर ठरलेलं असतं. पॅकेज टूरवाल्याने दिलं, पण मी बोललो ते खरंच बोललो. अल्लाहच्या घरी जाऊन मी खोटं बोलेन का?

हे उत्तर मला मान्य नाही. त्यांना मी खोटारडे म्हणत नाही. काबा पहिल्यांदा नजरेस पडतो तेव्हा त्यांच्या डोळ्यांत आलेलं पाणी खरं असतं. माझा आक्षेप त्या पाण्यावर नाही. त्या पाण्यानंतर दहाव्या सेकंदाला हॉटेलच्या लॉबीचा शॉट येतो, झुंबर दिसतं, बुफेतल्या बिर्याणीवरचं झाकण उघडतं आणि खाली टूरवाल्याचा मोबाईल नंबर सरकू लागतो, त्यावर आहे.

हे व्हिडिओ पाहून निर्णय कोण घेतं? निवृत्त शिक्षक, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, गॅरेज चालवून मुलींची लग्नं उरकलेला मेकॅनिक, गल्फमधल्या मुलाने पाठवलेल्या पैशांतून भिशी लावणारी आई. हा आयुष्यात बहुधा एकदाच होणारा खर्च आहे. नेहमीच्या बाजारात वाईट मालाला एक शिक्षा असते: गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. इथे गिऱ्हाईक तसंही पुन्हा येणार नसतं. त्यामुळे टूरवाल्याला जुन्या गिऱ्हाइकाच्या नाराजीची भीती नाही, त्याला फक्त नवीन गिऱ्हाईक हवं असतं. आणि ते नवीन गिऱ्हाईक व्हिडिओतून येतं.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. परत आलेला माणूस तक्रार करत नाही. करायला गेला तर घरचेच म्हणतात, जाऊ दे, अल्लाहने बोलावलं हेच नशीब, तक्रार करून सवाब कशाला घालवतोस. तिकडे मक्केत टूरवाल्याचा माणूसही तेच सांगतो: हाजीसाहब, सबर करा, ही सबरचीच जागा आहे. सबर ही फार मोठी गोष्ट आहे. पण ती गिऱ्हाइकाने करायची आणि नफा टूरवाल्याने घ्यायचा, अशी वाटणी कुठल्या किताबात लिहिली आहे ते मला कुणीतरी दाखवावं.

आमच्या खालाचं सांगतो. खाला आणि खालू दोन वर्षांपूर्वी गेले. निवड व्हिडिओ पाहून केली होती. त्यात पोरगा चालत चालत म्हणतो, हे आपलं हॉटेल आणि हे पाहा, पाच मिनिटांत हरमशरीफ. त्याचं हॉटेल खरंच तिथे होतं. खालांचं हॉटेल त्याच टूरचं, त्याच पॅकेजच्या नावाचं, पण मिस्फलाच्या दुसऱ्या टोकाला. एका खोलीत पाच बायका. बस आहे म्हणून सांगितलेलं, आणि बस होतीही, पण गर्दीच्या वेळी ती लांबच थांबवायचे. खालाचे गुडघे गेलेले आहेत. जरा हिशेब करून पाहा. हॉटेल चारशे मीटरवर असेल तर पाच वेळच्या नमाजला जाऊन येऊन दिवसाला चार किलोमीटर होतात. बाराशे मीटरवर असेल तर बारा किलोमीटर. उमराहच्या दिवशी सफा-मरवाच्या सात फेऱ्यांचे तीन किलोमीटरहून जास्त आणि तवाफचं चालणं वेगळंच. चौथ्या दिवसापासून खाला फज्र आणि इशा खोलीतच पढू लागली. ज्यासाठी बांगड्या मोडल्या ती गोष्ट खोलीत बसून राहिली.

तो व्हिडिओ अजून आहे. त्याखाली शेकडो माशाअल्लाह आहेत. त्या पोराने एकही शब्द खोटा उच्चारलेला नाही.

हा रोग आपल्यापुरता नाही. त्याचा बराच जुना आणि उघड वाद जिथे झाला, त्या जागेचं नाव ऐकून काहींना राग येईल: अमेरिकेतली थीम पार्क्स. काबाशरीफची तुलना झोपाळ्यांशी करतो, असं लगेच लिहू नका. जागांची तुलना मी करत नाहीये. जागेबद्दल बोलून पोट भरणाऱ्यांची करतोय, आणि ती तंतोतंत जुळते.

कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं, फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये. या दोन ठिकाणांभोवती चाहत्यांची एक अख्खी दुनिया आहे. संकेतस्थळं, पॉडकास्ट, यूट्यूब वाहिन्या. चालवणारी माणसं लहानपणी आईबापांचं बोट धरून तिथे गेलेली असतात आणि त्या जागेवर मनापासून प्रेम करतात. कोणत्या पाळण्याची रांग कधी कमी असते, कोणत्या हॉटेलातून पार्कला चालत जाता येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. म्हणून सामान्य कुटुंब कंपनीच्या जाहिरातीपेक्षा त्यांचं ऐकतं.

कंपनीला हे चांगलं कळतं. नवीन आकर्षण उघडायच्या आधी माध्यमांबरोबर अशा चाहत्यांनाही बोलावणं जातं. पाकीट कुणी देत नाही. रांगेशिवाय प्रवेश, खाणंपिणं, कधी खोली, कारागिरांशी गप्पा. काय बोलायचं हेही कुणी सांगत नाही. सांगायची गरजच काय? पुढचं बोलावणं येईल की नाही, एवढा एक विचार डोक्यात असला की माणूस आपणहून मऊ होतो. त्यात अनेक पॉडकास्टचे प्रायोजक असतात डिस्नेच्या सहली विकणारे ट्रॅव्हल एजंट, ज्यांना प्रत्येक बुकिंगमागे कंपनीकडून कमिशन मिळतं. म्हणजे ऐकणारा गेला तरच बोलणाऱ्याचं घर चालतं. असा माणूस पॉपकॉर्न महाग झालं म्हणून ओरडेल, एखादा पाळणा बंद आहे म्हणून हळहळेल. पण या वर्षी जाऊ नका, पैसे वाचवा, हे एक वाक्य त्याच्या तोंडून निघणं फार अवघड.

आणि बोलावणं बंद होतं म्हणजे काय होतं, हे २०१७ मध्ये जगाने पाहिलं. लॉस एंजेलिस टाइम्सने डिस्नेलँड आणि अनाहाइम शहर यांच्यातल्या आर्थिक व्यवहारांवर लेखमाला छापली. डिस्नेने लेख अन्यायकारक असल्याचं म्हटलं आणि त्या वृत्तपत्राच्या समीक्षकांना आपल्या चित्रपटांचे आगाऊ खेळ दाखवणं बंद केलं. पार्कबद्दल लिहिल्याची शिक्षा सिनेमाच्या पानाला. तेव्हा लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, बोस्टन इथल्या समीक्षकांच्या संघटना आणि राष्ट्रीय संघटना एकत्र आल्या. बंदी उठेपर्यंत डिस्नेचे चित्रपट आमच्या पुरस्कारांना पात्र नाहीत, असं त्यांनी जाहीर केलं आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. पण ते मोठं वृत्तपत्र होतं. घरातल्या खोलीत माईक लावून बसलेल्या चाहत्याला उद्या बोलावणं आलं नाही, तर त्याच्यासाठी कोणती संघटना उभी राहणार आहे? हे त्यालाही कळतं.

आता दुसरा किस्सा, मला जास्त आवडणारा. मार्च २०२२ मध्ये डिस्नेने फ्लोरिडात स्टार वॉर्सच्या नावाने एक हॉटेल उघडलं, गॅलॅक्टिक स्टारक्रूझर. दोन रात्री, अवकाशयानात राहिल्याचा अनुभव, दोघांचे मिळून चार हजार आठशे डॉलरच्या आसपास, म्हणजे तेव्हाचे साडेतीन लाख रुपयांहून जास्त. उघडण्याआधी पाहुण्यांना दाखवून झालं, कौतुक झालं. दीड वर्षात, सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस, ते बंद पडलं. मे २०२४ मध्ये जेनी निकोल्सन या यूट्यूबर बाईने त्यावर चार तासांचा व्हिडिओ टाकला. ती स्वतःच्या खिशातून पैसे भरून गेली होती. तिच्या तक्रारी साध्या होत्या. ज्या ॲपवर सगळा खेळ चालायचा ते तिच्याकडे नीट चाललंच नाही. आणि जेवणाच्या वेळी गाण्याचा कार्यक्रम होता, तर तिला खुर्ची मिळाली खांबामागे. एवढे पैसे भरून ती खांब पाहत जेवली. चार तासांचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला.

त्या खांबात माझा सगळा मुद्दा आहे. बोलावून आणलेल्या पाहुण्याला खांबामागची खुर्ची कुणी कशाला देईल? तो कितीही प्रामाणिक असला तरी खांबाबद्दल बोलू शकणार नाही, कारण त्याने तो पाहिलेलाच नसतो. त्याने खोटं सांगितलं नाही. त्याला दुसरं हॉटेल दाखवलं गेलं. आपल्या पोराला दोघांची खोली मिळते, खालाला पाचांची. तो प्रामाणिकपणे आपली खोली दाखवतो आणि खाला प्रामाणिकपणे फसते.

तिकडे दुसरी वाट धरणारेही आहेत. ‘द अनऑफिशियल गाईड टू वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ हे जाडजूड पुस्तक नावातच सांगतं की आमचा कंपनीशी संबंध नाही. टूरिंगप्लॅन्स नावाची सेवा वाचकांकडून वार्षिक वर्गणी घेते आणि त्या बदल्यात गर्दीचे अंदाज, रांगेचा खरा वेळ देते. फलकावर चाळीस मिनिटं लिहिलंय आणि प्रत्यक्षात पंचवीसच लागली, हे मोजून सांगायचं. वाचकाने पैसे दिले की नोकरी वाचकाची. एवढं साधं आहे ते.

आता आपल्याकडचा कायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत बोलणाऱ्यालाही पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुढच्या वेळी पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, काही काळ जाहिराती करायला बंदीही येऊ शकते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर बोलणाऱ्यांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पैसेच नव्हे, तर फुकट वस्तू, सवलत, सहल, हॉटेलातला मुक्काम, हे सगळं घेतलं असेल तर सांगायचं. ठळक सांगायचं. व्हिडिओत असेल तर व्हिडिओतच सांगायचं, खालच्या मजकुरात गाडायचं नाही. आणि ज्या भाषेत बोललात त्याच भाषेत सांगायचं. हे शेवटचं कलम आमच्या पोरांनी भिंतीवर लावून ठेवावं. चाळीस मिनिटं दखनीत आणि उर्दूत बोलायचं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘कोलॅब’ लिहायचं. माझ्या खालाला कोलॅब म्हणजे काय वाटणार? तिला ते मोबाईल कंपनीचं नाव वाटतं.

पण कायदा मागतो ते फार थोडं आहे. कायदा म्हणतो, घ्या, फक्त सांगा. आपल्याकडे याच्या पुढची गोष्ट आहे, आणि जुम्म्याच्या बयानात ती आपण अनेकदा ऐकलेली आहे.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती हदीस येते. प्रेषितांनी (स.) इब्नुल लुतबिया नावाच्या माणसाला बनू सुलैम टोळीकडून जकात गोळा करायला पाठवलं होतं. परत आल्यावर त्याने मालाचे दोन भाग केले. हा तुमचा आणि हा मला भेट मिळालेला, असं तो म्हणाला. प्रेषित (स.) मिंबरवर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, की हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती का?

ही हदीस लाचखोर सरकारी बाबूंवर चिकटवून आपण मोकळे होतो. पण नीट पाहा, त्या माणसाने काहीही लपवलं नव्हतं. त्याने स्वतःच, न विचारता, उघड सांगितलं की हे मला भेट म्हणून मिळालं. आजच्या भाषेत त्याने डिस्क्लोजर दिलं होतं. जकातीच्या हिशेबात त्याने खोट केली असाही आरोप त्याच्यावर त्या प्रसंगात नाही. तरीही प्रश्न विचारला गेला. कारण प्रश्न तो खरं बोलला की खोटं हा नव्हताच. ती भेट कशामुळे आली, हा होता.

मी मुफ्ती नाही, फतवा देत नाहीये. यूट्यूबवर बोलणारा पोरगा जकात वसूल करणारा अधिकारी नाही, हेही मला कळतं. पण प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला तो म्हणतो ना, की हाजींच्या मार्गदर्शनासाठी हा व्हिडिओ करतोय? मग ती जबाबदारी त्याने स्वतःच उचललेली आहे. लोकांचा भरवसा ही अमानत आहे. टूरवाल्याने त्याला फुकट नेलं ते त्याच्या तकव्यासाठी नाही, त्याच्या ऐंशी हजार सबस्क्रायबरसाठी. आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर त्याला कुणी मक्केला नेलं असतं?

आणि हे फक्त पोरांनाच का सुनावायचं? मोबाईल यायच्या कितीतरी आधीपासून आपल्या मोहल्ल्यांत हाच धंदा चालत आलाय. इतके प्रवासी गोळा करून द्या, तुमची एक सीट फुकट. मशिदीतले कुणी, मदरशातले कुणी, जमातीतलं वजन असलेलं कुणी, ग्रुप लीडर म्हणून दरवर्षी जातं. त्यांच्या शब्दावर लोक पैसे भरतात. फुकट सीटचं मात्र कुणाला सांगितलं जात नाही, सांगायला लाज वाटते. निदान पोरांच्या व्हिडिओत कोपऱ्यात कोलॅब तरी असतं.

एक युक्तिवाद मात्र मला खरा वाटतो. कॅमेरा, एडिटिंग, दोन आठवड्यांची मजुरी, हे सगळं पोराने कुठून आणायचं? आपल्यातला गरीब घरातला पोरगा चार पैसे कमवतोय तर तुमच्या पोटात का दुखतं? दुखत नाही. त्याने जरूर कमवावं. जाहिरातही करावी. आमच्या पेठेतला पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवतो, पैसे घेतो. त्याने पाटीवर ‘शुद्ध तुपातली मिठाई’ लिहिलं म्हणून त्याने ती खाऊन पाहिली असं कुणी समजत नाही. तसं सरळ म्हणा, की ही अमक्या टूरची जाहिरात आहे, मी त्यांचा पेंटर आहे. मग त्यात मार्गदर्शन, इमानदार मत, माझा अनुभव हे शब्द आणू नका. दोन्ही मजुऱ्या एकाच हाताने घेता येत नाहीत.

आणि खरंच मार्गदर्शन करायचं असेल तर तेही अवघड नाही. एकदा स्वतःचे पैसे भरून सगळ्यात स्वस्त पॅकेजवर जा, आपलं चॅनल आहे हे न सांगता. पाचांची खोली दाखवा. हॉटेलच्या दारापासून हरमच्या दारापर्यंत मोबाईल हातात धरून चाला आणि मीटर दाखवा. अंगणाच्या कडेपर्यंत नाही, आत जायच्या दारापर्यंत, कारण जाहिरातीतलं अंतर कुठल्या बिंदूपासून मोजलंय ते कधीच सांगत नाहीत. रौजाचा परवाना नुसुक ॲपवर टूरवाल्याने काढून दिला की म्हाताऱ्यांनाच धडपड करायला लावली, ते सांगा. लिफ्टसाठी फज्रच्या वेळी किती थांबावं लागतं ते सांगा. जेवण संपल्यावर उशिरा आलेल्या म्हातारीला काय मिळालं ते सांगा. असा एक व्हिडिओ करा, त्याच्यासाठी पैसे द्यायला मी पहिला येईन. माझ्यासारखे आणखी निघतील.

यावर काही जण म्हणतील की टूरवाला चिडेल, चॅनलविरुद्ध बोलेल, इतर टूरवाल्यांनाही सांगेल की याला नेऊ नका. सांगू दे. नेऊ नका म्हणजे काय? मक्केला जायचं तिकीट विमान कंपनी विकते, व्हिसा सौदी सरकार देतं.

तोवर एक काम मी इथे सुरू करतोय. गेल्या दोन-तीन वर्षांत जे स्वतःच्या पैशांनी उमराहला जाऊन आले, त्यांनी मला चार गोष्टी लिहून पाठवाव्यात: पॅकेजचे एकूण किती भरले, कोणत्या हॉटेलचं नाव सांगितलं होतं, प्रत्यक्षात कोणतं मिळालं, आणि खोलीत किती जण होते. बिलाचा फोटो असेल तर उत्तम, त्यावरची तुमची नावं आणि फोन नंबर झाकून पाठवा. रमजानच्या आधी ते सगळं इथे एका तक्त्यात टाकेन. ज्यांना फुकट सीट मिळाली होती त्यांनीही पाठवावं, त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवला आहे.